पाय काढलेल्या मांजराची घरातली घडी पुन्हा बसवताना : आपले अनुभव लिहा

अपघात, हाडातील गाठ किंवा सांधता न येणारे हाड यांमुळे मांजराचा पाय काढावा लागतो, तेव्हा शस्त्रक्रियेची माहिती दवाखान्यात मिळते; घरी आणल्यानंतरचे दिवस मात्र ज्याचे त्यालाच निभवावे लागतात. त्या दिवसांत काय उपयोगी पडले आणि काय निव्वळ अडगळ ठरले, ते येथे लिहावे. औषधांच्या मात्रा कृपया लिहू नयेत.

प्रतिसाद १

आमच्या बोक्याचा डावा पुढचा पाय खांद्याच्या फऱ्यासकट काढला. अर्धवट खुंट ठेवला असता तर तो टेकवण्याच्या नादात सतत घासला गेला असता, असे पशुवैद्यांनी समजावले. मांजराच्या शरीराचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, त्यामुळे चढणे त्याला लवकर जमले, पण उतरताना हनुवटी जमिनीवर आपटत असे. पलंगाशेजारी जाड गादी आणि तिच्यापुढे न सरकणारी सतरंजी टाकल्यावर तो ठरावीक जागेवरूनच उतरू लागला. लिटर बॉक्सची एक कड कापून बुटकी केली. शी झाकण्यासाठी उकरायला पंजा उचलला की तोल जाई, म्हणून तो कडेला छाती टेकवून उरलेल्या पंजाने दोनचार वेळा ओरखडतो आणि निघून जातो. झाकण्याचे काम आता आमच्याकडे आहे.

प्रतिसाद २

आमच्या मांजरीचा मागचा पाय नाही. त्या बाजूचा कान खाजला की मान वाकडी होते आणि मांडीच्या जागेचे स्नायू भराभर थरथरतात. अशा वेळी आपण कान खाजवून दिला की ती डोळे मिटून घेते.

प्रतिसाद ३

टाके निघेपर्यंत, म्हणजे साधारणपणे १० ते १४ दिवस, मांजराला एका लहान खोलीतच ठेवावे, या मताचा मी आहे. ते केविलवाणे ओरडते म्हणून अनेकांचे मन विरघळते, परंतु एक उंच उडी टाके उसवायला पुरेशी असते. जखम चाटता येऊ नये म्हणून गळ्यात घालतात त्या शंकूसारख्या कॉलरचेही तेच. वेदनेबाबत एक सांगावेसे वाटते : मांजर दुखणे लपवते आणि दुखत असतानाही खुशीत असल्यासारखे गुरगुरते, त्यामुळे गुरगुरण्यावर विसंबू नये, न खाणे, कोपऱ्यात आक्रसून बसणे, जखमेजवळ हात नेताच अंगावर येणे, यांकडे पाहावे. माणसांचे पॅरासिटामॉल मांजरासाठी जीवघेणे आहे.

प्रतिसाद ४

वजनाचा विषय अजून कोणी काढलेला नाही. उरलेल्या सांध्यांवर आयुष्यभर जादा भार पडतो, त्यामुळे कौतुकाचा खाऊ आवरावा लागतो, आणि घरातील मोठ्यांना ते पटवणे मांजराला सांभाळण्यापेक्षा कठीण जाते.

आमच्याकडे खरी अडचण दुसऱ्या मांजरीची झाली. दवाखान्याचा वास घेऊन परतलेल्या बहिणीवर ती फिस्कारू लागली. दोघींना वेगळे ठेवून एकीचे अंथरूण दुसरीच्या खोलीत टाकत राहिलो, तेव्हा फिस्कारणे हळूहळू थांबले. पाय नसल्याकडे तिने कधी लक्ष दिल्याचे दिसले नाही.