ओव्हल असेल तर दुकानातच बघा

ओव्हल म्हणजे लंबगोल हिरा ऑनलाइन घ्यावा की दुकानातून, असा धागाकर्तीचा प्रश्न आहे. वर एकांनी लिहिलंय की जीआयएचं (हिरे तपासून श्रेणी देणारी संस्था) सर्टिफिकेट असलं की ऑनलाइन काय नि पणजीत काय, हिरा तोच. नेहमीच्या पांढऱ्या गोल हिऱ्यापुरतं बरंचसं पटलं, कारण त्याला ते कटची, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत याची, श्रेणीही देतात. पण धागाकर्तीला ओव्हल हवाय, तिथेच गोची आहे. ओव्हल, मार्कीझ (दोन्ही टोकांना निमुळता), पेअर (थेंबासारखा) या आकारांत मधोमध आडवी काळपट सावली पडते, बो-टाय म्हणतात तिला. सर्टिफिकेटवर तिचा उल्लेख नसतो. वजन, रंग, क्लॅरिटी (नितळपणा) सगळं सारखं असलेल्या दोन खड्यांत एकाची सावली पुसट, तर दुसऱ्याची डोळ्यात खुपेल इतकी ठळक. व्हिडिओत थोडा अंदाज येतो, पण तिथले दिवे विकणाऱ्याच्या सोयीने लावलेले.

अर्थात दुकानातले स्पॉटलाइटही काही साधे नसतात, त्यांच्याखाली काचसुद्धा चमकेल! पणजीच्या '१८ जून' रस्त्यावर जा की मडगावात, खडा घेऊन दारापाशी या आणि सावलीतल्या उजेडात हळूहळू तिरपा करून बघा. मग दहापट भिंग मागा. कडेवर लेझरने नंबर कोरलेला असेल तर तो सर्टिफिकेटशी जुळवा. सुट्या खड्यावर हे सोपं जातं, अंगठीत बसवल्यावर कड झाकली जाऊ शकते. चवथीच्या गर्दीत मात्र जाऊ नका, कोणी धड दाखवत नाही.

आणि हिरा ओळखायच्या टेस्टरचं पेन टेकवून 'बघा, नैसर्गिक' असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या. लॅबमध्ये बनवलेलाही हिराच, साध्या टेस्टरवर तोही पास होतो.