मदत हवी आहे: पाहुण्यांची बोअर दिवसभर चालते, आमची पाऊण तासात हवा मारते

उसाचा_फड: पाहुणे रावेरला, केळी करतात. त्यांची बोअर दिवसभर चालते, धार बारीक होत नाही. आमची पाऊण तासात हवा मारते. तिकडं गाळ, इकडं काळा पत्थर, एवढं कळतं. पण बोअर मारताना दीड इंच पाणी होतं, ते गेलं कुठं? अजून खोल जाऊ का? उद्या बोअर मारायची गाडी येतीय, लवकर सांगा.

मोटरवाला: किती एचपी? व्होल्टेज तपासलं का?

तांबडी_माती: गाव कुठलं, किती फूट, पाणी कितव्या फुटाला लागलं?

उसाचा_फड: पन्हाळ्याकडं, माळावर. 320 फूट. 5 एचपी, मोटर नवीन आहे, तिचा विषय नाही.

रंकाळा: नारळवाला बोलवा, हातावर नारळ धरून पाणी सांगतो तो. आमच्या बावड्यात त्यानं दाखवलं तिथंच भरपूर पाणी लागलं.

तांबडी_माती: बावडा पंचगंगेच्या काठाला आहे, माळाशी तुलना कशी होईल? उसाचा_फड, पाणी कितव्या फुटाला?

उसाचा_फड: 70-75 ला मांजऱ्या, म्हणजे बारीक भोकांचा मऊसर खडक, लागला तेव्हा पाणी उडालं. खाली अखंड काळा पाषाण, पाणी वाढलं नाही.

तांबडी_माती: मग खोल जाऊ नका. तुमचं पाणी त्या मांजऱ्याच्या भेगांतलं. खालचे अडीचशे फूट नुसती साठवण आहे. साडेसहा इंची भोकात 100 फुटाला 650 लिटरच मावतं, तेवढं उपसलं की झऱ्याच्या वेगानंच पाणी येणार. रावेरला तापीचा गाळ. वाळूच्या गाळात 100 घनमीटर भिजलेल्या थरातून 12 ते 20 घनमीटर पाणी सुटतं, बेसॉल्टमधून, म्हणजे आपल्या काळ्या पत्थरातून, 1 ते 3. पण तिकडंही उपसा जास्त होऊन पातळी खोल गेलीय, हे पाहुण्यांना विचारा.

आजरेकर: गाळाचा खडक म्हणजे पाणी, असं कुणी समजू नये. आमच्याकडं दक्षिणेला बेसॉल्टखालचा वालुकाश्म, म्हणजे वाळू घट्ट होऊन झालेला खडक, उघडा पडतो; त्याला कलादगीचा म्हणतात. इतका जुना आणि घट्ट की कणांमधली जागाच बुजलीय. त्यातही भेग सापडली तरच पाणी. आमची बोअर कोरडी गेली.

रंकाळा: म्हणूनच म्हणतो, आधी पाणाड्या. आणि माळावर ऊस कशाला लावता?

मोटरवाला: ठिबक करा, निम्म्या पाण्यात भागतं.

उसाचा_फड: ऊस खाली मळ्यात आहे, तो विषय नाही. गाडी थांबवू का नको?

तांबडी_माती: थांबवा. मोटर बंद ठेवून पातळी मोजा, मग उपसून ती किती वेळात परत येते ते बघा. पाणी ज्या वेगानं परत येतं तेवढाच व्हॉल्व्ह उघडा ठेवा, हळूहळू टाकी भरा. पावसाळ्याआधी बोअरच्या वरच्या अंगाला शोषखड्डा काढा. गढूळ पाणी थेट केसिंगात, म्हणजे बोअरच्या तोंडच्या पाइपात, सोडू नका, भेगा बुजतात.

उसाचा_फड: गाडीवाल्याला फोन केला. पण पातळी मोजायला दोरी सोडली की मोटरच्या केबलीत अडकते.

तांबडी_माती: केबलीशेजारून अर्धा इंची पाइप सोडा, मोटरच्या थोडा वर थांबवा. दोरी त्यातून घाला.