उत्तर: लुकलुक फोनमुळे नाही, उजेडामुळे

आठवी-नववीच्या मुलींनी केलेल्या कागदी कटआउटच्या स्टॉप-मोशन फिल्म (तुकडे थोडे थोडे सरकवत काढलेले फोटो जोडून केलेल्या) लुकलुकतात, म्हणून चांगले फोन घ्या, असा सल्ला एकाने दिलाय. खर्च टाळा. दोष बहुतेकदा ऑटो एक्सपोजरचा असतो, म्हणजे उजेड जरा बदलला की फोन फोटोचा उजळपणा आपोआप कमी-जास्त करतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर चित्राच्या मधोमध बोट दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि एक्सपोजर दोन्ही लॉक होतात. खिडकी बंद, ट्यूब चालू. खिडकी उघडी असली तर ढग आला की पुढचे फोटो काळपट पडतात. फोटो घेताना सगळ्यांनी मागे सरकायचं, कारण गणवेशाच्या पांढऱ्या बाहीवरून परतलेला उजेडसुद्धा कागदावर दिसतो. आणि पंखा बंद!

स्टँडही विकत नको. पुस्तकांच्या दोन थप्प्या, त्यांवर दोन लाकडी पट्ट्या, मधल्या फटीत लेन्स. उंची 30 सेंमी ठेवली की ए-4 कागद आरामात मावतो. कागदाचे चारही कोपरे चिकटपट्टीने डकवा. बटण दाबताना फोन हलतो, त्यामुळे 2 सेकंदांचा टायमर लावा.

पहिल्या फिल्मला सेकंदाला 6 फोटो पुरेत: 10 सेकंदांना 60. सेकंदाला 12 धरले तर 120 होतात आणि जोडतासातही काम उरतं.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चौघींच्या गटात दर 15 फोटोंनी काम बदलणं. नाहीतर घरी फोन हाताळणारी मुलगीच शेवटपर्यंत कॅमेरा धरते, बाकीच्या नुसत्या कागद कापत बसतात. ज्यांच्या घरी फोन वडिलांकडे किंवा भावाकडेच असतो, त्यांना पहिली पाळी द्या.