ईजीआर (एक्झॉस्टचा थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) साफ केला, तरी चेक इंजिनचा दिवा परत लागतोय. मदत हवी आहे

मंडळी, जुनी डिझेल गाडी आहे. चेक इंजिनचा दिवा लागला की चढावर अजिबात ओढत नाही. स्कॅनरवर कोड पी०४०१, म्हणजे ईजीआरमधून पुरेसा एक्झॉस्ट फिरत नाही. व्हॉल्व्ह उघडला तर आत डांबरासारखी काजळी, पिन बोटाने हलेना. कार्ब क्लीनर मारून, जुन्या टूथब्रशने घासून मोकळा केला, गॅस्केट नवं टाकलं. चार दिवस गाडी मस्त पळाली, पाचव्या दिवशी दिवा पुन्हा हजर!

मेकॅनिक म्हणतो, "पत्रा लावून बंदच करून टाकू, कटकट मिटेल." मला पटत नाही. एक्झॉस्ट परत आत गेला नाही तर ज्वलनाचं तापमान वाढतं, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, आणि फ्लो नाही म्हणून हाच कोड पुन्हा येणार. मग ईसीयूशी (इंजिनच्या कॉम्प्युटरशी) खेळ. नकोच ते.

व्हॉल्व्ह व्हॅक्यूमवर चालतो. हातपंपाने व्हॅक्यूम दिला की व्यवस्थित उचलतो, धरूनही ठेवतो. मग संशय कुणावर घ्यायचा, सोलेनॉइड (व्हॅक्यूम चालू-बंद करणारा विजेचा व्हॉल्व्ह), व्हॅक्यूमच्या पाइपमधली बारीक चीर, की मॅनिफोल्डमधली (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधली) चोंदलेली वाट? एमएएफ सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) घाण असला तरी हाच कोड येतो का? मॅनिफोल्ड उतरवणं मोठं काम आहे, त्याआधी काय तपासू?