सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ वाचता येते, हे कृपया पुन्हा सांगू नका

पर्वरीकर :
अंत्रुजकर यांनी काल लिहिलेल्या टिपणाचा सारांश असा, की सहा इंची ई-रीडरवर पीडीएफ उत्तम वाचता येते, ज्यांना ती वाचता येत नाही ते आळशी असतात आणि त्यांना मोठ्या यंत्रावर पैसे उधळण्यासाठी केवळ निमित्त हवे असते. हे टिपण मी सोडून देणार होतो. परंतु गोवा विद्यापीठात एम.एस्सी. करणाऱ्या माझ्या भाचीने ते वाचून तसलेच यंत्र मागवण्याचा बेत केला आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ए-फोर कागदाची रुंदी 210 मिलिमीटर असते आणि सहा इंची पडद्याची रुंदी जेमतेम 90 मिलिमीटर. पूर्ण पान पडद्यावर बसवले, की 12 पॉइंटचा मजकूर 5 पॉइंटच्या आसपास येतो. दर इंचाला तीनशे ठिपके (पीपीआय) असल्यामुळे ती अक्षरे रेखीव दिसतात हे खरे, परंतु रेखीव म्हणजे मोठी नव्हेत. चारही बाजूंचे समास कापले तर साडेसहा-सात पॉइंटांपर्यंत मजल जाते, आणि यंत्र आडवे धरले तर नऊपर्यंत. मात्र मग एका पानाचे तीन तुकडे होतात, तक्ता एका तुकड्यात येतो आणि त्याचे शीर्षक दुसऱ्यात. मोबाइलवर पान बोटाने सरकवणे सहज जमते, कारण तो पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगतो. ई-रीडरच्या ई-इंक पडद्यात काळे-पांढरे कण प्रत्यक्ष हलवावे लागतात, त्यामुळे प्रत्येक सरकवणीला पडदा अडखळतो आणि मागच्या मजकुराची सावली उरते.

अडोबीने 1993 मध्ये पीडीएफ आणली, ती कागदावरचे पान कोणत्याही यंत्रावर जसेच्या तसे दिसावे म्हणून. जसेच्या तसे राहणे हाच जिचा धर्म, तिने पडद्याप्रमाणे आकार बदलावा अशी अपेक्षा धरणे आणि ती फोल ठरली की वाचकाला आळशी म्हणणे, हा कोठला न्याय?

अंत्रुजकर :
आळशी हा शब्द मी मागे घेत नाही. आपण ए-फोरचे उदाहरण घेतलेत, कारण ते आपल्या सोयीचे आहे. मराठी पुस्तक बहुधा डेमी आकाराचे असते, म्हणजे सुमारे 140 मिलिमीटर रुंद, आणि समास वगळले तर त्यातील मजकूर 105 ते 110 मिलिमीटरांत मावतो. समास कापून तो 90 मिलिमीटरांच्या पडद्यावर आणला, की 12 पॉइंटचे 10 पॉइंट होतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तके विनामूल्य पीडीएफच्या रूपात ठेवली आहेत. त्यांतील जाडजूड ग्रंथ मी फोंडा-पणजी प्रवासात कदंबच्या बसमध्ये, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येत असताना वाचले आहेत. त्या उन्हात आपला मोबाइल आरसा होतो, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत.

भाचीच्या शोधनिबंधांविषयी सांगायचे, तर दोन रकान्यांच्या नियतकालिकांत एका रकान्याची रुंदी साधारणतः 85 ते 90 मिलिमीटरच असते. एक-एक रकाना पडद्यावर घेतला, तर तो जवळजवळ मूळ आकारातच दिसतो. कोरीडर हा मुक्त वाचनप्रणाल (पुस्तके उघडून दाखवणारे सॉफ्टवेअर) यंत्रावर बसवला, तर रकान्यामागून रकाना आपोआप पुढे येतो. हे करून पाहण्याची तसदी न घेता मिलिमीटर मोजत बसण्याला मी आळसच म्हणेन.

बार्देशकर :
रकान्यांचे गणित मान्य आहे. मात्र राजपत्रातील अधिसूचना, निविदा आणि प्रादेशिक आराखड्याचे नकाशे यांना रकाना कोणता लावायचा, तेही अंत्रुजकरांनी सांगावे. आमच्या धंद्यात हेच वाचावे लागते. सर्व्हे क्रमांक शोधण्यासाठी नकाशा मोठा केला, की गावाची हद्दच पडद्याबाहेर जाते, आणि नकाशातील रंग सोळा करड्या छटांत विरघळून शेती कोणती व वसाहत कोणती तेही कळत नाही.

अंत्रुजकर :
नकाशासाठी ई-रीडर घ्या, असे मी कधी लिहिले?

सासष्टीची लेक :
आपण सर्वजण इंग्रजी निबंधांभोवती फिरत आहात आणि मूळ दुखणे बाजूलाच राहिले आहे. कोरीडरमध्ये मजकूर पुन्हा जुळवण्याची जी सोय आहे, ती पानाचे चित्र घेते, शब्दांमधील व ओळींमधील पांढरी जागा शोधते आणि शब्दांचे तुकडे कापून पडद्याच्या रुंदीनुसार नव्याने मांडते. इंग्रजीला हे मानवते. मराठीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार व वेलांट्या एकमेकांना भिडलेल्या असल्या, म्हणजे ओळींमध्ये पांढरी जागा उरतच नाही. माझ्या यंत्रावर अशा पुस्तकातील दोन ओळी कित्येकदा एकच समजून उचलल्या जातात.

चित्राऐवजी अक्षरेच बाहेर काढावीत, असे म्हणाल तर तेथे वेगळाच गोंधळ आहे. आपल्याकडील पुस्तके वर्षानुवर्षे अशा जुन्या फाँटांत जुळवली गेली, ज्यांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. पडद्यावर 'माणूस' दिसतो, पण नक्कल करून घेतली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा हाती येतो. युनिकोडमध्ये जुळवलेल्या पीडीएफमध्येही र्‍हस्व वेलांटी पुष्कळदा भलत्या व्यंजनापुढे जाऊन बसते. एका प्रकाशकाकडून मी पैसे मोजून 'ई-पुस्तक' घेतले, तर ती छापखान्याला पाठवलेली फाइलच निघाली. कोपऱ्यांतील कापखुणा, म्हणजे कागद कोठे कापायचा ते दाखवणाऱ्या रेघा, तशाच होत्या, आणि त्या खुणांमुळे समास कापण्याची स्वयंचलित सोयही फसली. अक्षर मोठे करता येत नाही, शब्द शोधता येत नाही, आणि किंमत मात्र छापील पुस्तकाच्या जवळपास. वाचक आळशी आहे की प्रकाशक, याचा निवाडा अंत्रुजकरांनीच करावा.

निवृत्त ग्रंथपाल :
प्रकाशकांना झोडपणे फार सोपे आहे. जुन्या फाँटांतील मजकूर युनिकोडमध्ये नेणारी साधने असतात, पण त्यांतून बाहेर पडलेल्या मजकुराचे मुद्रितशोधन कोणीतरी ओळीओळीने करावे लागते. जोडाक्षरे फुटतात, अवग्रह नाहीसे होतात, तळटीपा मजकुरात घुसतात. काही शे प्रती खपणाऱ्या पुस्तकासाठी हा खर्च कोणी करावा? आणि तो करून स्वच्छ ईपब (पडद्याप्रमाणे मजकूर जुळवून घेणारी ई-पुस्तकाची फाइल) बाजारात आणली, की आठवड्याभरात ती व्हॉट्सअॅपच्या गटांवर फुकट फिरू लागते. माझ्या परिचयाच्या एका लेखकाला त्याचेच पुस्तक 'वाचनीय आहे' अशा शिफारशीसह एका स्नेह्याकडून आले होते. त्यानंतर त्याने ई-पुस्तकाचे नाव काढले नाही.

सासष्टीची लेक :
व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या बहुतेक फायली पीडीएफच असतात, म्हणजे पीडीएफमुळे चोरी थांबली असे काही दिसत नाही. पैसे देणाऱ्याला निकृष्ट वस्तू द्यावी आणि कारण चोराचे सांगावे, ही रीत ग्रंथपालांना मान्य असेल, मला नाही.

निवृत्त ग्रंथपाल :
माझ्या तोंडी नसलेली वाक्ये घालू नयेत. पणजीचे कृष्णदास शामा ग्रंथालय 1832 चे, देशातील सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय मानले जाते. आपल्या दमट हवेत, चार महिने पावसाळा आणि बाराही महिने कसर, जुना कागद टिकवणे म्हणजे काय असते हे ज्यांनी केले त्यांनाच ठाऊक. पान जसे आहे तसे जपायचे असेल, तर त्याचे चित्रच घ्यावे लागते, आणि ते चित्र पीडीएफमध्येच ठेवणे सोयीचे असते. समासातील शिक्का, पुसट झालेली ओळ, छापखान्याचे चिन्ह, हे सारे ईपबमध्ये नाहीसे होते. आपल्या सहा इंची खेळण्यावर बसत नाही म्हणून या स्वरूपालाच नावे ठेवणे मला पटत नाही.

पर्वरीकर :
जतनासाठी पीडीएफ असावी, याला येथे कोणीच विरोध केलेला नाही. परंतु जतनाची प्रत आणि वाचनाची प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ग्रंथपालांना सांगावे लागावे याचे नवल वाटते. स्कॅन केलेले जुने पुस्तक ई-रीडरवर उघडून पाहा. कागदाचा पिवळेपणा करडा होऊन अक्षरांमागे पसरतो. कॉन्ट्रास्ट वाढवला तर तो जातो, पण त्याबरोबर बारीक अनुस्वारही जातात. त्यातून फाइल मोठी, यंत्राचा प्रोसेसर दुबळा आणि मेमरी अपुरी, त्यामुळे पान उलटल्यावर पुढचे दिसेपर्यंत मागचे वाक्य विसरायला होते.

दोन रकान्यांचा मुद्दा अंत्रुजकरांनी बरोबर मांडला आहे, तो मी मान्य करतो. भाचीच्या समुद्रविज्ञानाच्या निबंधांत दोन्ही रकाने व्यापणारे आलेख दर पानावर असतात, एवढेच त्यांच्या लक्षात आले नाही. भाचीने आता दहा इंची यंत्राचे ठरवले आहे.

अंत्रुजकर :
अभिनंदन. ते बसमध्ये एका हाताने धरता येत नाही, हेही तिला सांगून ठेवा. ए-फोर, आलेख आणि नकाशे मी आपल्याला बहाल केले. डेमी पुस्तके माझ्याकडे राहू द्यात.

बार्देशकर :
डेमीतही तळटीपा 8 पॉइंटच्या असतात, त्या आपण साडेसहा-पावणेसात पॉइंटच्या करून वाचता. आपल्या डोळ्यांचे कौतुक आहे.

सासष्टीची लेक :
मला अजून उत्तर मिळालेले नाही. टेसरॅक्टसारखे मुक्त प्रणाल पानाच्या चित्रातून छापील मराठी ओळखतात. चुका राहतात हे मान्य, पण कोऱ्या पाटीपासून टंकलेखन करण्यापेक्षा ते काम कितीतरी हलके आहे. निदान कापखुणा काढून आणि समास कमी करून सहा इंची पडद्यासाठी वेगळी पीडीएफ देण्यास प्रकाशकाला कितीसा खर्च येतो? पानाचा आकार बदलून तीच फाइल पुन्हा जुळवायची, एवढेच ना?

निवृत्त ग्रंथपाल :
एवढेच नाही. पानाचा आकार बदलला, की पृष्ठांक बदलतात. मग अनुक्रमणिका, सूची आणि संदर्भ सर्व नव्याने लावावे लागतात. कादंबरीला ते चालेल, संशोधनग्रंथाला चालणार नाही. तरीही कापखुणांसकट फाइल विकणे हा निष्काळजीपणा आहे, हे मी मान्य करतो, आणि आपण प्रकाशकाचे नाव येथे घेतले नाहीत त्याबद्दल त्याने आपले आभारच मानले पाहिजेत. टेसरॅक्टमधून काढलेले एखादे प्रकरण आपल्याकडे असेल, तर मला पाठवा. मुद्रितशोधन मी करून देईन. त्यानंतर ते काम 'हलके' आहे की नाही, यावर बोलू.

सासष्टीची लेक :
आज रात्री पाठवते. जुना छापा आहे, परसवर्ण आणि अनुस्वार दोन्ही भरपूर आहेत.