हृदयाचा पॅच कोपराला: लावावा की नाही?

टॉवेलवाला, अक्कलकोट रोड: आमच्या कारखान्यातल्या जॉबरचा, म्हणजे माग बघणाऱ्या मिस्त्रीचा, उजवा कोपर सात महिने धरलाय. चहाचा कप उचलला की निम्मा बशीत. सुई दोनदा झाली. महिनाभर बरं, परत तेच. आता डॉक्टर म्हणतात, हृदयवाल्यांचा नायट्रोग्लिसरीनचा पॅच (औषधाची चिकटपट्टी) घ्या, पाव तुकडा दुखऱ्या जागी चिकटवा, रोज नवा. त्या औषधातून अंगात नायट्रिक ऑक्साइड वायू सुटतो आणि टेंडनच्या (स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीच्या) पेशी नवं कोलाजेन, म्हणजे त्या दोरीचे धागे, विणतात म्हणे. (विणणं आलं म्हणून मला लगेच पटलं असेल!) 2003 साली सिडनीतल्या चाचणीत टेनिस एल्बोचे, म्हणजे असंच कोपराचं टेंडन दुखणारे, 86 जण होते. सहा महिन्यांनी पॅचवाल्यांपैकी 81 टक्के लोकांचं रोजच्या कामातलं दुखणं गेलं. मी म्हणतो, लावावा.

शेंगाचटणी: पुढची ओळ वाचली का मालक? औषध नसलेला पॅच लावला त्यांतलेही 60 टक्के बरे झाले. व्यायाम दोघांनाही होता ना! 2008 मध्ये टाचेच्या टेंडनवर दुसऱ्यांनी हेच करून बघितलं, काही फरक दिसला नाही. पॅचचं खूळ सोडा.

टॉवेलवाला: टाच वेगळी, कोपर वेगळा. त्या वरच्या 21 टक्क्यांत आमचा माणूस असला तर?

साखरपेठकरीण: आईचं सांगते. हजार बिड्या वळून मनगट गेलं होतं. पॅच लावला त्या रात्री डोकं असं ठणकलं की टॉवेल आवळून बसली. त्यात मे महिना. चौथ्या दिवशी घामानं पॅच सुटून सुपात, पानांच्या कातरणात सापडला. परत लावला नाही तिनं.

फिजिओताई: डोकेदुखी हा याचा नेहमीचा त्रास, म्हणूनच पाव: दिवसाला साधारण 1.25 मिलिग्रॅम. पण सगळे पॅच कापायचे नसतात. आत औषधाची पिशवी असलेला कापला तर डोसाचा हिशोबच राहत नाही. दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा. पुरुषांच्या ताकदीची गोळी चालू असेल तर पॅचला हातही लावू नका, बीपी धाडकन खाली येतं. आणि काहीही लावा, भरलेली बाटली मुठीत धरून मनगट सावकाश खाली सोडायचा व्यायाम महिनोन्‌महिने करावाच लागतो.

शेंगाचटणी: हेच सांगतोय की सकाळपासनं!

टॉवेलवाला: ताई, त्याला बीपीची गोळी चालू आहे. चालेल ना?

शेंगाचटणी: आणि हे आत्ता सांगतो होय बे?