मदत हवी आहे: यादीत शेवटच्या 'अँड'आधी सेमीकोलन येतो का?

बेलापूरला फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात आहे. ब्रिटिश क्लायंटला रोज इंग्रजीत स्टेटस मेल जातो.

'हाउएव्हर'चं कळलंय: दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमाने जोडायची नाहीत, आधी सेमीकोलन, नंतर कॉमा. 'द पेंडिंग डॉक्युमेंट्स आर' नंतर कोलन नको, कारण तिथे वाक्य अर्धवट राहतं, हेही ठीक.

गाडी अडते ती बंदरांच्या यादीत. नावांतच कॉमा आहेत: 'द कंटेनर्स विल कॉल ॲट न्हावा शेवा, इंडिया, जेबेल अली, यूएई, अँड फेलिक्स्टो, यूके.' नुसते कॉमा टाकले तर तीनाची सहा ठिकाणं वाटतात, म्हणून मध्ये सेमीकोलन. पण शेवटच्या 'अँड'आधी? साध्या यादीत आम्ही तिथे कॉमा देत नाही, त्यामुळे सिनियर म्हणतात सेमीकोलनही काढा. व्याकरण तपासणारं सॉफ्टवेअर दोन्ही मुकाट्याने पास करतं (पैसे मात्र दरमहा घेतं).

बुलेट्स सुचवू नका, मजकूर एकाच ओळीत जातो. कंपनीची स्टाइल गाइड नाही. देशांची नावंही गाळता येत नाहीत.

ब्रिटिश पद्धतीत साध्या यादीतला तो शेवटचा कॉमा गाळला, तरी अशा यादीत 'अँड'आधीचा सेमीकोलन ठेवायचाच असतो का?